सदतीस पाकिटं

माझी आत्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासते. डॉक्टर नंबर लिहून देतात, मालक फ्रेम विकतात, आणि ते गोल भिंग त्या फ्रेमच्या आकारात आणून बसवते आत्या. एकोणतीस वर्षं हेच काम. समोरच्याचा चष्मा वाकडा दिसला की बोलता बोलता, न विचारता, त्याच्या नाकावरून उतरवते, सरळ करते आणि परत चढवते. एकदा तिने बसमध्ये एका अनोळखी गृहस्थांवर हा प्रयोग केला होता. मी शेजारीच होते, पण ओळख दाखवली नाही.

रविवारी दुकान बंद असतं, आणि किल्ली आत्याकडे असते. त्या दिवशी दुपारी तीन वाजता मशीनवर कापड टाकून, टेबल मोकळं करून आम्ही खेळायला बसतो. खेळ असा, की आत्या गोष्ट सांगते आणि आम्ही तिघं त्या गोष्टीतली माणसं होतो. काय करायचं ते आम्ही ठरवायचं, जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आमच्या गल्लीतले प्लंबरदादा योद्धा. आमच्या शाळेच्या हेडबाई, आता निवृत्त, त्या चोर. आयुष्यभर मुलांच्या खोड्या पकडल्या, आता स्वतः कुलपं उघडतात आणि त्यांना त्याचा जराही पश्चात्ताप नाही. मी वैदू. पोटापाण्यासाठी मी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, म्हणून खेळात तरी जखमा भरून देते.

गोष्ट एकच, अकरा वर्षं चाललेली. समुद्राखालच्या राणीने एक बंदर गिळलंय, आणि ते आम्हाला सोडवायचंय. जसजसे पराक्रम होतात तसतशी माणसं पायऱ्या चढतात. विसावी पायरी शेवटची. योद्धा योद्धाच राहिला तर पायरीगणिक त्याचं बळ वाढतं. पण हवं तर कोणालाही आपली साधी वाट सोडून एखादा खास पेशा घेता येतो. मग नेहमीचं बळ मिळत नाही, काहीतरी वेगळंच मिळतं.

हे खास पेशे आत्या स्वतः लिहायची. भिंगं ज्या कागदी पाकिटांतून येतात, तीच रिकामी पाकिटं वापरायची. बाहेर पेशाचं नाव: पूलराखा, बिनतलवारीचा, उलटपावली, मौनी सेनापती. आत अटी आणि शक्ती, आणि तोंड डिंकाने बंद. नियम असा, की आधी पेशा निवडायचा, मगच पाकीट फोडायचं. अटीत बसलात तर पेशा तुमचा, नाही बसलात तर पाकीट बाद. अकरा वर्षांत तिने सदतीस पाकिटं लिहून टेबलाच्या खणात ठेवली. फोडलेली किती, तर शून्य.

आत्या आमच्याशी याबद्दल कधी बोलली नाही. पण वर्षातून एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये असे खेळ खेळणाऱ्यांचा मेळावा भरतो, तिथे ती इतर खेळवणाऱ्यांना हळूच विचारायची, तुमच्याकडे खास पेशे किती जण घेतात हो? एक म्हणाला, चारात एक. दुसरा म्हणाला, दहात एखादा, बाकीचे साध्या वाटेनेच जातात. एक जाडगेला मुलगा म्हणाला, आमच्याकडे सगळेच घेतात, आवरावं लागतं. मग त्याने विचारलं, "तुमच्याकडे?" आत्या म्हणाली, "बघतायत अजून." मी तिच्यामागे चहाचे कप धरून उभी होते. मला अगदी भरून आलं, आणि स्वतःचा रागही आला.

गेल्या वर्षी आम्ही एकोणिसाव्या पायरीवर पोहोचलो. राणीशी शेवटची लढाई पुढच्या रविवारवर आली. तेव्हा आत्या फासे गोळा करता करता म्हणाली, "गोष्ट संपली की मी हा खण रिकामा करणार आहे. मालकांना लहान मुलांच्या फ्रेमांसाठी जागा हवीय."

"आणि पाकिटं?" मी विचारलं.

"रद्दीत. कोणाला नकोच आहेत तर ठेवून काय करू?"

हे ती अगदी सहज म्हणाली.

बाहेर पडल्यावर मी दोघांना फुटपाथवरच धरलं. म्हटलं, दादा, अकरा वर्षांत तुम्हाला एकही पाकीट घ्यावंसं वाटलं नाही?

दादा गोंधळले. "अहो, ताईंनी एवढं बसून लिहिलंय. मी फोडायचं आणि अटीत बसायचो नाही, म्हणजे गेलं ना वाया. माझ्यापायी कशाला?" हा माणूस जुन्या नळांचे वायसर धुऊन डब्यात भरून ठेवतो. त्याच्याकडून दुसरं काय ऐकायला मिळणार?

हेडबाई म्हणाल्या, "मी म्हटलं, पुढेमागे कोणी हुशार खेळाडू आला तर त्याच्यासाठी राहू देत."

"आणि तू गं?" दोघांनी एकदम विचारलं.

मला वाटत होतं, मोठ्यांनी घेतल्याशिवाय आपण कसं घ्यायचं. म्हणजे आम्ही तिघांनी मिळून, केवळ आदरापोटी, त्या बाईचं काळीज अकरा वर्षं कुरतडलं होतं. मी कपाळाला हात लावला. हेडबाई म्हणाल्या, "आपण तिघंही नापास."

पुढच्या रविवारी दादा इस्त्रीचा शर्ट घालून आले. विसावी पायरी चढायची वेळ आली. योद्ध्याला त्या पायरीवर एक जादा वार मिळतो, आणि राणीसमोर तो सोन्यासारखा. आत्याने तो लिहायला पेन्सिल उचलली.

"ताई, थांबा," दादा म्हणाले. "मला पूलराखा व्हायचंय."

आत्याची पेन्सिल तशीच राहिली. तिने चष्म्याच्या वरून दादांकडे पाहिलं. "जादा वार जाईल तुमचा."

"जाऊ दे."

तिने पाकीट काढून दिलं. दादांनी ते नळाचं पॅकिंग सोडवावं तसं कडेकडेने, न फाडता उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागले. पहिली अट: याने निदान दोनदा स्वतःचा दोर दुसऱ्याला दिलेला असावा. दुसरी: लढाई संपल्यावर शत्रूच्या घोड्याला पाणी पाजलेलं असावं. दोन्ही दादांच्या योद्ध्याने केलेलं होतं. घोड्याचं तर आम्हाला चांगलं आठवत होतं, कारण त्या पाण्यापायी आम्ही सगळे पकडले गेलो होतो. तिसरी अट वाचताना दादांचा आवाज मंदावला. "फासा टेबलाखाली पडला आणि कोणी पाहिलं नाही, तरी खरा आकडा सांगितलेला असावा."

"ही योद्ध्याची अट नाही," हेडबाई म्हणाल्या. "ही यांची आहे."

आत्या फासे पुसत होती. स्वच्छच होते ते.

हेडबाईंनी खणच ओढून टेबलावर ठेवला आणि पेपर तपासायला बसावं तशा नुसत्या नावांवरून पाकिटं वेगळी करू लागल्या. हे तुझं, हे यांचं, हे माझं. एकदाही अडल्या नाहीत. प्रत्येक पाकीट आमच्यापैकी कोणातरी एकाला बघून लिहिलेलं होतं. अटीत न बसण्याचा प्रश्नच नव्हता. दादांची सोळा निघाली, बाईंची चौदा, माझी सात.

"माझी सातच?" मला झोंबलंच.

"तुला मी पाळण्यापासून बघतेय," आत्या म्हणाली. "तुझ्यात नवीन काही दिसलं तरच लिहायचं ना."

हेडबाईंनी उलटपावली घेतला. मी घेतला तो ऐकणारा वैदू, आणि त्याच्या अटी मी इथे सांगणार नाही, कारण लॅबमध्ये मी कडक म्हणून प्रसिद्ध आहे.

मग लढाई झाली. दीड तास चालली. दादांच्या पूलराख्याने पाण्यावर पूल धरून ठेवला आणि बंदरातली सगळी माणसं त्यावरून पलीकडे गेली, पण राणी काही पडेना. तिचं एका वाराचं बळ उरलं होतं. तो एक वार आमच्याकडे नव्हता. आत्या फाशात कधी लबाडी करत नाही. तिने सगळ्यांसमोर फासा टाकला, आणि राणीने आम्हा तिघांना समुद्रात ओढून नेलं. अकरा वर्षांची गोष्ट संपली.

दादा आपल्या कागदाकडे बघत म्हणाले, "साधा योद्धा राहिलो असतो तर जिंकलो असतो."

"हो," आत्या म्हणाली. "नक्की जिंकला असता."

हे सांगताना तिचा चेहरा इतका फुलला होता की आधी हेडबाईंना हसू फुटलं, मग मला, मग दादांनाही. आत्या हसता हसता रडायलाच लागली आणि चष्मा काढून डोळे पुसत म्हणाली, "हरलात ना, माझ्यासाठी हरलात." मी तिला इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.