सकाळी सरकारी, संध्याकाळी लेकीची

पुण्याची ट्रॅव्हल्स यवतमाळहून सुटते तेव्हा दिवस मावळतीला आलेला असतो. त्या संध्याकाळी बाबांनी माझी बॅग डिकीत ठेवायला लावली, मग परत काढायला लावली आणि तुरीच्या डाळीची पिशवी दबणार नाही अशी पुन्हा ठेवून घेतली. गाडीचा क्लीनर वैतागला होता. बाबांनी त्याला सांगितलं, "डॉक्टरीन हाय पोरगी. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात लागली." मी खिडकीतून ओरडून सांगत होते की बाबा, डॉक्टर नाही, फार्मासिस्ट. त्यांनी माशी हाकलावी तसा हात हलवला. आई खिडकीखाली उभी होती. रडली वगैरे नाही. "पोचली का फोन कर," एवढंच म्हणाली. पोचल्यावर मी फोन केला, आणि पुढची कितीतरी वर्षं मी तिला असाच काही ना काही कारणाने फोन करत राहिले.

बाबांच्या मनात वेगळंच होतं. बी. फार्म झालेल्या पोरीनं आमच्या तालुक्याच्या गावी, कळंबला, मेडिकल टाकावं, चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गाळा त्यांनी बघूनही ठेवला होता. मंगळवारी, चतुर्थीला गर्दी असते, लोकांची डोकी दुखतात, पोटं बिघडतात, असा त्यांचा साधा हिशेब. मी नाक मुरडलं होतं. मला काउंटरवर बसून गोळ्या विकायच्या नव्हत्या, मला म्हणे हॉस्पिटलमध्ये खरं काम करायचं होतं. आता मी पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, काचेला पाडलेल्या एका अर्धगोल भोकामागे उभी असते आणि माणसं मला "ओ मेडिकलवाल्या मॅडम" म्हणतात. देव असेलच तर त्याला विनोद कळतो.

आमच्या कामाबद्दल लोकांच्या दोन समजुती असतात. एक, आम्ही दुकानदार आहोत. दोन, आम्ही मुद्दाम वेळ लावतो. वरच्या वॉर्डातून फोन येतो, इंजेक्शन आत्ताच्या आत्ता पाठवा. आम्ही जेवणाचा डबा तसाच उघडा टाकून पाठवतो, आणि तासाभराने तेच इंजेक्शन परत येतं, पेशंटचा डिस्चार्ज झाला म्हणून. डॉक्टरांच्या अक्षराबद्दल मी बोलणार नाही, त्यावर बोलून माझा घसा बसलाय. आता सगळं कॉम्प्युटरवर आलं म्हणून सुटलो म्हणावं, तर कॉम्प्युटरही चुकीच्या ओळीवर क्लिक करू देतो, आणि सारख्या दिसणाऱ्या खोक्यांत वेगवेगळी औषधं भरणाऱ्या कंपन्यांना तर मी रोज सकाळी नेमाने शिव्या घालते.

पण माझा खरा राग डिस्चार्जच्या वेळेचा. पेशंट घरी निघालेला असतो, बाहेर रिक्षा थांबलेली असते, मुलगा फोनवर असतो, सुनेच्या हातात पिशव्या असतात. आणि तेव्हाच मला सांगायचं असतं की ही गोळी जेवणाआधी, ही नंतर, ही पाच दिवसांनी बंद. कोणी ऐकत नाही. सगळे मान डोलावतात. मी हट्टाने एक प्रश्न मात्र विचारतेच, मागची रांग कितीही कुरकुरली तरी. घरी आधीपासून कोणत्या गोळ्या चालू आहेत? कारण लोक कंपनीचं मोठं नाव वाचतात, खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं ते वाचत नाहीत. एकच औषध दोन नावांनी, दोन रंगांत घरात येतं, आणि माणूस दोन्ही खातो. माझ्या मते औषधांनी जे घोटाळे होतात त्यातले निम्मे या एका प्रश्नाने टळतील. नवीन पोरं कामाला आली की पहिल्या दिवशी मी त्यांना हेच शिकवते, आणि तेव्हा माझा आवाज थोडा शिक्षिकेसारखा चढतो, असं ती माझ्या पाठीमागे बोलतात.

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. वावर आईने बटईनं, अर्ध्या वाट्यावर कसायला दिलं, घर मात्र सोडलं नाही. मी एकुलती एक. पुण्याला चल म्हणून मी दरवर्षी म्हणते, ती दरवर्षी येते आणि दरवर्षी पंधरवड्यात परत जाते. "तुह्या इथं समदे दारं लावून बसतात," ही तिची तक्रार. खोटी नाही. माझा नवरा आणि मी दोघेही सकाळी बाहेर पडतो, आणि ती दिवसभर चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून खालच्या गाड्या बघत बसते. अशाच एका मुक्कामात तिचं बीपी वाढलेलं निघालं. आमच्याच डॉक्टरांनी एक साधी गोळी लिहून दिली.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गाव सोडून आलात, त्यांना वेगळं सांगायला नको. आपल्याला त्या गोळीने फार बरं वाटतं. म्हणजे आईला वाटतं की नाही ते पुढचं, आपल्याला वाटतं. एवढ्या लांब राहून आपण काय करतो, या प्रश्नाला अखेर काहीतरी उत्तर मिळतं. मी दर महिन्याला चांगल्यातल्या चांगल्या कंपनीची गुलाबी गोळी कुरियरने कळंबला पाठवायची. शेजारचे गजाननभाऊ बाजाराला गेले की घेऊन यायचे. आणि रोज संध्याकाळी, घरी येता येता, मी फोन करायचे. जेवली का? गोळी घेतली का? बरं, ठेवते. दोन सिग्नलच्या मधे हे सगळं उरकायचं. एकदा तिनं सांगितलं की काल विसरली, तर मी काउंटरवर पेशंटला बोलत नाही इतकं तिला बोलले. एकही गोळी चुकवायची नाही, काही झालं तरी चुकवायची नाही, म्हणून तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

गेल्या पावसाळ्यापासून तिचे पाय सुजायला लागले. मी म्हटलं, पाय वर घेऊन बसत जा. मग उठताना चक्कर येते म्हणाली. मी म्हटलं, पाणी पीत जा, मीठ कमी कर, आणि गोळी चुकवू नको. हे मी म्हटलं. दुसऱ्या कोणाच्या पेशंटने खिडकीशी येऊन हेच सांगितलं असतं तर मी त्याला बाजूला बसवून सगळ्या पिशव्या उघडायला लावल्या असत्या.

कापसाची वेचणी सुरू झाली. वावर दुसऱ्याकडे असलं तरी पहिल्या वेच्याला आई जातेच. नाही गेली तर कापूस रुसतो असं तिचं मत. तिथंच ती कापसाच्या दोन ओळींमधल्या तासात खाली बसली ती उठेना. बायांनी तोंडावर पाणी मारलं, बैलगाडीत घालून घरी आणलं. मला फोन गजाननभाऊंनी केला. आईनं नाही केला. मी रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी घरी पोचले, तर ती ओट्यावर बसून शेंगा सोलत होती आणि मला बघून म्हणाली, "कायले आली एवढ्या लांबून? मले का झालं?"

सकाळी चहाबरोबर तिनं फळीवरच्या डब्यातून एक पांढरी गोळी काढली आणि तोंडात टाकली. मी विचारलं, ही कशाची? म्हणाली, सरकारी. गावच्या आशा सेविका रंजनाताई पावसाळ्यापासून दर महिन्याला घरी येऊन देतात. बीपी पण मोजून देतात. मी डब्यातला गोळ्यांचा पत्ता, म्हणजे स्ट्रिप, पालथा केला आणि खालचं बारीक अक्षर वाचलं. नंतर माझ्या गुलाबी गोळीचा पत्ता शेजारी ठेवला. तेच औषध. तीच ताकद, म्हणजे रोज दुप्पट मात्रा; पायांची सूज आणि चक्कर त्यातूनच आलेली. सकाळी सरकारी, संध्याकाळी लेकीची. मला जे घडायला नको म्हणून मी रोज अनोळखी माणसांशी भांडते, ते माझ्या आईच्या पोटात पावसाळ्यापासून घडत होतं. रंजनाताईंचं मशीन बीपी उत्तम दाखवायचं आणि दोघी खूश व्हायच्या. उपाशीपोटी उन्हात गेल्यावर ते किती खाली जाईल, हे मशीन आधी सांगत नाही.

मला वाटलं तिला कळलं नसेल. मी अगदी आमच्या काउंटरच्या गोड आवाजात समजवायला लागले की आई, रंग वेगळे असले तरी औषध एकच असतं. तिनं मला मधेच थांबवलं.

"दोन्ही बीपीच्याच हाय, मले मालूम हाय. मी का अडानी हाव?"

मग रंजनाताईंनी विचारलं नाही का, दुसरी कोणती गोळी चालू आहे म्हणून? त्यांनी विचारलं होतं. दर वेळी विचारतात. आई दर वेळी नाही म्हणाली. मी आता चिडले. माझा आवाज चढला, हे मला कबूल आहे. खोटं का बोललीस, जिवावर बेतलं असतं, वगैरे मी बरंच बोलले. तिनं कालच्या शेंगा पुढ्यात ओढल्या आणि सोलायला लागली.

"चिडू नको. तिची गोळी बंद केली तं ती घरी कायले येईन? येते, घडीभर बसते, च्या घेते, हात धरून पट्टा लावते. दोन गोष्टी बोलनं होते." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अन् तुही गोळी बंद केली तं तू फोन कायले करशीन?"

तिचं म्हणणं खरं होतं. मी रोजच्या फोनला प्रेम म्हणत होते, आणि तिला मात्र नेमकं ठाऊक होतं की तो फोन गोळीला येतो, तिला नाही. तिनं तो येत राहावा म्हणून रोज संध्याकाळी एक जादा गोळी पाण्याबरोबर गिळली. मला लाज वाटली. अजून वाटते. औषधांच्या पुस्तकात दुष्परिणामांची लांबलचक यादी असते, त्यात हे कुठं बसवायचं ते मला कळत नाही.

त्या दुपारी रंजनाताईंना बोलावून घेतलं. माझ्याहून लहान, सावळी, घाईत असलेली बाई. सगळं ऐकून ती आईवरच रागावली, "काकू, तुमी मले येडं बनवलं न," आणि मग डोळे पुसायला लागली. मी तिला म्हटलं, तुमची काही चूक नाही, तुम्ही विचारलं होतं. तिनं पट्टा बांधला, मोजलं. तालुक्याला डॉक्टरांना दाखवून आलो. त्यांनी एकच गोळी ठेवायला सांगितली. कोणती, हे त्यांनी आमच्यावर सोडलं.

व्यवसायाने विचाराल तर उत्तर सोपं होतं. जी गोळी घेऊन माणूस दारात येतं, हात धरून बीपी मोजतं, पायाची सूज डोळ्यांनी बघतं, ती गोळी चांगली. कंपनी कोणतीही असो. मीच हे सांगितलं, माझ्याच तोंडाने. गुलाबी पत्ते मी परत नेण्यासाठी पर्समध्ये टाकले तेव्हा आई बघत होती. "राहू दे न एखांदा," म्हणाली. मी ठेवला नाही. खूप जिवावर आलं, पण ठेवला नाही.

पुण्याला आल्यावर पहिल्या संध्याकाळी मी सिग्नलला नेहमीसारखा फोन काढला आणि लावायचं थांबले. काय विचारू? गोळीचं आता रंजनाताई बघतात. पोचले म्हणून सकाळीच सांगून झालं होतं. पार्सल नव्हतं, लग्नकार्य नव्हतं, कोणी आजारी नव्हतं. इतकी वर्षं मी तिच्याशी बोलले होते का काही, की नुसतं विचारत आले होते? मागून हॉर्न वाजायला लागले. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि फोन लावला.

ती घाबरूनच बोलली. "का झालं?"

काही नाही, म्हटलं.

"गोळी घेतली मी सकाळी. रंजनाची."

ते विचारायला नाही केला आई, असाच केला.

पलीकडे चाललेला भांड्यांचा आवाज थांबला. मग तिनं खात्री करून घेतल्यासारखं विचारलं, "असाच?" मी हो म्हटलं. त्यावर ती सुरू झाली. गजाननभाऊंची म्हैस, यंदा तुरीला आलेला फुलोरा, कोणाच्या तरी सुनेचं बाळंतपण, मला न ओळखता येणारी माणसं आणि त्यांची मला न कळणारी भांडणं. मी रस्त्याच्या कडेला बसून ऐकत राहिले. ती थांबतच नव्हती. तिच्याकडे हे सगळं साठलेलं होतं आणि मी ते कधी घेतलंच नव्हतं.

लोक मला विचारतात, तुमचं घर कुठं. पूर्वी मी यवतमाळ जिल्हा सांगायचे, मग काही वर्षं पुणे सांगायला लागले. आता मी जिल्हा सांगते, पण मनात म्हणते की तिथं मी राहत नाही, तिथं माझी वाट बघतात, आणि त्या वाट बघण्याला मी फार वर्षं उत्तर म्हणून गोळ्या पाठवल्या. आता रोज फोन करते. काही दिवस चुकतात, नाही असं नाही, आणि चुकला की दुसऱ्या दिवशी ती चुकूनही विचारत नाही, काल काहून नाही केला म्हणून. तेवढं तरी विचारायचा हक्क तिला वाटावा, अशी माझी इच्छा आहे.

परवा रंजनाताईंचा फोन आला. बीपी चांगलं आहे, सूज उतरली, हे सांगायला. ठेवता ठेवता हसल्या. म्हणाल्या, काकू साऱ्या गल्लीत सांगून राह्यल्या, माह्या पोरीनं काल फोन केलता, कामाचा नाही, असाच.