मास्तरांचं मातीचं हैदराबाद

“आपट! अजून आपट! जीव नाही का हातात?”

भिंतीपलीकडून हा आवाज आला की माझ्या वर्गातली पोरं पाढे म्हणायची थांबत. मग धप्प, धप्प असे मातीचे गोळे फरशीवर आदळत आणि माझ्या टेबलावरची शाईची दौत हादरे. हैदराबादच्या त्या मराठी प्राथमिक शाळेत मी तिसरीला शिकवत होते आणि मास्तर चौथीला, तेही मातीच्या वस्तू करवून घेत. मातीत हवा राहिली तर वस्तू वाळताना तडकते, म्हणून ती आधी आपटायची, हे शास्त्र मला मान्य होतं. पण वस्तू तयार झाल्यावरही मास्तर ती हातात घेत, उलटीसुलटी करून बघत आणि मनाला आली नाही तर सरळ भिंतीवर फेकत. ती भिंत तुम्ही पाहायला हवी होती. नुसते तपकिरी डाग.

मुलं रडत, मग चिडून पुन्हा माती मळायला बसत. इतकं असून मुलांच्या अंगाला त्यांनी कधी बोट लावलं नाही. छडी माझ्याकडे असे. “बाई, तुमचे हात फार साफ बघा,” ते मला चिडवत. “कधी तरी घाण करा की!” मातीला हात लावणं मला खरोखरच आवडत नसे.

एकदा एका मुलाचे वडील तावातावाने आले. ते वकील होते. त्यांच्या मुलाने केलेला बैल मास्तरांनी भिंतीवर मारला होता. वकिलांनी आवाज चढवला, कायदा सांगितला. मास्तरांनी त्यांच्या हातात मातीचा गोळा दिला. “बेकार बाता नक्को, वकीलसाहेब. राग आलाय ना? आपटा.” थोड्या वेळाने मी डोकावले तर कोट खुंटीला, बाह्या वर, आणि वकीलसाहेब बैलाला शिंगं लावत होते.

मास्तरांचा खरा जीव मात्र अंगणातल्या नकाशात होता. मुलांनी मातीनेच उभं केलेलं आमचं अख्खं हैदराबाद राज्य! गोदावरीत खरं पाणी सोडता येई. दर पावसाळ्यात तो नकाशा विरघळे आणि नवी चौथी तो पुन्हा उभा करी. राजधानीचं शहर सगळ्यांचं लाडकं. तिथे चारमिनार होता, नामपल्लीचं स्टेशन होतं, मलकपेठच्या रेसकोर्सवर एक जाडा घोडा होता आणि प्रत्येक मुलाने आपापलं घर ठेवलेलं होतं. मास्तरांचंही होतं, मलकपेठेत. त्यांच्या पिढ्या तिथेच गेल्या होत्या.

मग राज्याचे भाषेप्रमाणे तुकडे करायचं ठरलं. आमच्या शिक्षकांच्या खोलीत सभ्य माणसांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या. सरकारी नोकरांचीही वाटणी होणार, मराठी तेवढे तिकडे जाणार, अशी कुणकुण होती. मास्तरांनी मराठवाडा कधी पाहिलाही नव्हता. ते धास्तावले होते, हे मला दिसत होतं. त्यांनी मुलांच्या हातात फावडी दिली.

“नुसतं ऐकून काय कळतंय? तोडा. जिथं जी भाषा, तो तुकडा वेगळा.”

मुलांनी कानडी भाग कापला, मराठवाडा कापला आणि शहरापाशी अडली. कमल नावाची एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, “आमच्या घरी तर मराठी बोलतात.” दुसरा म्हणाला, “आमच्या पण.” मराठी शाळेतली मुलं ती, सगळ्यांच्याच घरी मराठी. झालं! त्यांनी अख्खं हैदराबाद शहर चहूबाजूंनी खणलं, फळीवर घेतलं आणि वाजतगाजत औरंगाबादेशेजारी नेऊन ठेवलं. मास्तर पोट धरून हसले.

“चुकलं का, मास्तर?”

“उद्या बघू. आज घरी जाताना शेजारीपाजारी कोण काय बोलतंय ते ऐका. मग शहर कुठं ठेवायचं ते तुम्हीच सांगा.”

पण उद्याची वाट पाहायला कोणाला वेळ नव्हता. मराठी शाळेने हैदराबाद पळवलं, ही बातमी संध्याकाळपर्यंत बाजारभर झाली. सकाळी प्रार्थना चालू असतानाच लाठ्या घेतलेली माणसं कुंपणावरून आत उतरली. दगड आले, कौलं फुटली. मी हाताला लागतील ती मुलं माझ्या वर्गात कोंबली. मास्तर नकाशाकडे धावले. “ठैरो! सबक पूरा नै हुआ अभी!” ते ओरडत होते. धडा पुरा होऊ द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. नकाशावर लाठ्या पडायला लागल्या तेव्हा ते शहरावर पालथे पडले, दोन्ही हातांनी फळीला मिठी मारून. मग लाठ्या हातांवर पडल्या. तो आवाजही धप्प असाच होता. मी छडी घेऊन धावले आणि दिसेल त्याला झोडपलं. एकाचा कान फुटला आणि त्याचा मला आजही आनंद आहे. त्या माणसांत रोज मास्तरांना सलाम करणारा कोपऱ्यावरचा पानवाला होता. पोलिसांनी नावं विचारली तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले, “नक्को.”

त्यांना उठवलं तेव्हा चारमिनार त्यांच्या सदऱ्याला चिकटला होता. वाचवायला गेले आणि शहर त्यांच्याच छातीखाली चेचलं.

प्लास्टरमधले हात घेऊन ते शाळेत आले आणि अंगणात जाऊन बसले. “हां, काय ऐकलंत?”

कमल म्हणाली, “आमच्या एका बाजूला तेलुगू बोलतात, दुसऱ्या बाजूला उर्दू.”

“मग?”

“मग होतं तिथंच ठेवावं लागेल.”

“मग आपट!” मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मुलांनी शहर नव्याने घडवलं आणि जुन्या खळग्यात नीट बसवलं.

शहर जागेवर आलं आणि मास्तरांच्या बदलीचा हुकूम आला. परभणीकडचं कुठलंसं गाव. नामपल्ली स्टेशनवर मी पोचवायला गेले होते. उजव्या हाताची बोटं वळत नव्हती, ट्रंक हमालाने चढवली. “बाई, आता मीपण तुमच्यासारखा नुसता तोंडानं शिकवणार,” ते खिडकीतून म्हणाले. मला हसू आलं नाही. गाडी सुटेपर्यंत मी उभ्या उभ्या रडले.

त्यानंतर मास्तर परत आले नाहीत. थोड्याच दिवसांनी कमलने नकाशावरचं त्यांचं घर मलकपेठेतून उचललं आणि परभणीवर नेऊन ठेवलं. तिचं बरोबरच होतं. तरी शाळा सुटल्यावर मी ते घर परत मलकपेठेत आणायला गेले तर हातात घेताच त्याचा भुगा झाला. अंगणात कोणी नव्हतं. मी पदर खोचला, माती भिजवली आणि पायरीवर आपटली. अजून आपटली.