"आमच्यात असं कुणी नाही"

मागच्या महिन्यात एका रविवारी कुसुममावशी आमच्याकडे, इथे अमेरिकेत चँडलरला, जेवायला आली आणि घरात बॉम्ब पडला... डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहून टाकते.

मावशी म्हणजे आईची चुलत बहीण, मुलाकडे जवळच फिनिक्सला आलीय. माझी आईही सध्या इथेच आहे. आणि माझा अर्णव पाच वर्षांचा... बोलणं जेमतेम, हात सारखे फडफडवतो, नजरेला नजर देत नाही.

मावशीने त्याच्यापुढे हात केला. याने मान पार दुसरीकडे वळवून हात मिळवला, त्याची ती नेहमीचीच तऱ्हा. मावशी खुदकन हसली, "अगं बाई, हा तर थेट आपला मनू गं!"

मनू कोण, मी विचारलं. मावशी आईकडे बघायला लागली, आणि आई म्हणते कशी, "पोळ्या गार होतायत, बसा बघू."

पोळ्या! दोन वर्षं मी या पोराला घेऊन डॉक्टरांचे उंबरे झिजवतेय यार. एक म्हणे थांबा, मुलगे उशिरा बोलतात. दुसरा म्हणे ऑटिझम असेल. एमआरआयसाठी त्याला गुंगीचं औषध दिलं, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

प्रत्येक डॉक्टर एकच विचारायचा, आईच्या माहेरी असं कुणी होतं का? दरवेळी मी पुण्याला फोन करायचे, आणि आई छातीठोकपणे सांगायची, "आमच्यात असं कुणी नाही."

होता ना! मनू, सख्खा भाऊ होता तिचा, माझा मामा! अर्णवसारखाच हात फडफडवायचा, असाच मान वळवायचा. मी जन्मायच्या आधीच काविळीने गेला. आईच्या लग्नात वऱ्हाडाच्या नजरेला पडू नये म्हणून त्याला दिवसभर शेजारच्यांच्या घरात बसवून ठेवलं होतं... हे सगळं मावशीने वरणभात कालवता कालवता सांगितलं. तिला बिचारीला वाटलं, मला माहीत असेल.

मी आईवर इतकी ओरडले की नवरा अर्णवला घेऊन बाहेर गेला. आईचं आपलं एकच, केतकीच्या सासरी कळलं तर? केतकी माझी धाकटी बहीण, डिसेंबरमध्ये तिचं लग्न आहे. म्हणजे एकीचं लग्न मोडू नये म्हणून दुसरीच्या पोराने सुया टोचून घ्यायच्या! वा रे वा!

मामाचं कळल्याबरोबर जेनेटिक्सच्या डॉक्टरने नेमकी एक ब्लड टेस्ट करायला लावली. फ्रॅजाइल एक्स निघालं, एक आनुवंशिक दुखणं... माझ्याकडून त्याच्याकडे गेलंय, मुलग्यांमध्ये जास्त दिसतं. बरं करणारं औषध नाही, पण निदान आता आम्ही अंधारात चाचपडत नाहीये. आणि जे माझ्यात आहे ते केतकीतही असू शकतं.

मी केतकीला फोन लावायला गेले तर आईने माझा हात धरला. मी सोडवून घेतला, नंबर फिरवला आणि फोन तिच्याच हातात दिला. सांग म्हटलं, आता तूच सांग. आई रडत रडत बोलली.

केतकीने त्याच दिवशी होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, टेस्ट करून घेऊ, त्यात काय एवढं. झालं! एवढ्यासाठी आई जन्मभर तोंड शिवून बसली होती...

मावशीच्या सैल जिभेला माझा साष्टांग दंडवत. आईवरचा राग काही गेलेला नाही, जाईल तेव्हा जाईल. परवा अर्णवला भरवताना ती चुकून "मनू" म्हणाली आणि पुढचा घास कालवायला लागली. मी ताटात आणखी वरण वाढलं.

डिसेंबरमध्ये आम्ही पुण्याला जातोय. अर्णव हात फडफडवेल, मंगलाष्टकं चालू असताना ओरडेलसुद्धा... ओरडू दे. माझा मुलगा शेजारच्या घरात बसणार नाही, पहिल्या रांगेत बसेल. ज्याला बघवत नसेल त्याने खुशाल शेजारी जाऊन बसावं.