कन्हानकाठचा रुस्तम

साठचं दशक सरत आलं होतं. मी नागपुरातल्या एका कापड गिरणीत कारकून होतो आणि गिरणी सुटली की जवळच्या आखाड्यात जायचो. आमचे वस्ताद मूळचे कन्हानचे. जोर-बैठका झाल्या, की ते आम्हाला रुस्तमाच्या गोष्टी सांगायचे. त्यांनी त्या आपल्या वस्तादांकडून ऐकलेल्या. त्यांच्या लेखी रुस्तम कन्हानकाठचाच पहिलवान. गावात पिसाळलेला हत्ती शिरला तेव्हा त्यानं गदेच्या एका घावात त्याला लोळवलं होतं.

अशात गिरणीत मुंबईहून नवे पारशी साहेब आले. त्यांचं नाव रुस्तम. मी हे आखाड्यात सांगितलं, तसे आडवे झालेले वस्ताद उठून बसले.

"त्याले नागपंचमीले घेऊन ये गा," ते म्हणाले.

साहेबांना विचारायचा मला धीर होईना. एकदाचं विचारलं, तर ते लगेच तयार झाले.

नागपंचमीला, कुस्त्यांच्या दिवशी, पोरं हार घेऊन आखाड्याच्या दारात उभी राहिली. साहेब आले ते छत्री टेकत. जाड भिंगाचा चष्मा, अंगानं अगदी काडी. पोरं त्यांच्या मागे पाहत राहिली, खरा रुस्तम अजून यायचा असेल म्हणून. ते साहेबांच्या ध्यानात आलं आणि सगळ्यांत आधी तेच हसले.

हार घालून झाल्यावर वस्तादांनी हत्तीची गोष्ट सांगितली. साहेब मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, ही तर माझी आजी सांगायची. तिचा रुस्तम मात्र इराणातला, अजून मिसरूड न फुटलेला. हत्ती त्याच्या बापाचाच, साखळी तोडून सुटलेला. गदेचा घाव तेवढा तोच.

"पण आमचा हत्ती पांढरा होता," साहेब म्हणाले.

पोरं वस्तादांकडे पाहू लागली. वस्ताद आता भांडतात की काय, अशी मला धास्ती वाटली. साहेब शेवटी माझे साहेब होते. वस्तादांनी मिशीवर हात फिरवला.

"असंन," ते म्हणाले. "इकडे येईस्तोर मातीत लोळून काळा झाला असंन."

साहेबांना हसून हसून चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी बूट काढले, मातीत उतरून चिमूटभर माती कपाळाला लावली आणि तिथंच मांडी घालून वस्तादांना म्हणाले, आणखी एक सांगा. त्या दिवशी कुस्त्या फार उशिरा सुरू झाल्या.