गिटारमधला भुंगा

नको असलेला आवाज शोधून काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या स्टुटगार्टच्या एका कंपनीत मी कंत्राटावर होतो. गाडीने वेग घेतला की डॅशबोर्डच्या मागे कुठेतरी बारीक कुरकुर सुरू होते, ती नेमकी कुठून येते ते सांगायचं, हे माझं काम. त्याचा मला पगार मिळायचा आणि थोडी मिजासही होती. अशा माणसाच्या घरी, त्याच्याच गिटारच्या रेकॉर्डिंगमध्ये, अख्खा हिवाळा एक भुंगा घोंघावत होता. ऑफिसात मी हे कुणाला कळू दिलं नाही.

भुंगा हा शब्द बाबांचा. ते बँकेत नोकरीला होते आणि गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. ही विजेवरची गिटार मांडीवर आडवी ठेवतात. उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातात बोटभर लांबीचा गुळगुळीत स्टीलचा बार धरून तो तारांवरून सरकवायचा. सूर त्या बारखालून असा घसरत जातो की कुणी गातंय असं वाटावं. पुढे हाताला कंप सुटला तेव्हा बाबांनी गिटार पेटीत घालून कपाटावर ठेवली. मी जर्मनीला निघालो, त्या दिवशी त्यांनी ती माझ्या बॅगांशेजारी आणून ठेवली.

आई म्हणाली, "अहो, विमानात नेऊ देतील का हे धूड?"

"विचारायला त्याला तोंड आहे," बाबा म्हणाले.

मग त्यांचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. कानात यंत्र आलं, आणि ऐकू येणं यापुढे कमीच होत जाणार असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगून टाकलं. एका रविवारी फोनवर बाबांनी मला विचारलं, "माझी ती धून वाजवतोस का रे अजून?"

ती धून कुठल्या गाण्यातली नव्हती. चार ओळींची, त्यांनी स्वतः बसवलेली. कार्यक्रमाआधी गिटार सुरात लावून झाली की ते ती एकदा वाजवत, बाकीचे वादक आपापल्या खुर्च्या सरकवत असताना. तिचं रेकॉर्डिंग कधी कुणी केलं नव्हतं. मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून शिकलो होतो.

"वाजवतो की," मी म्हणालो.

"मग पाठव. ऐकू येतंय तोवर पाठव."

फोनवरच वाजवून दाखवायचा प्रयत्न मी तिथल्या तिथे केला. पण व्हिडिओ कॉलला गिटार म्हणजे गोंगाट वाटतो. तो बोलणं तेवढं पुढे पाठवतो आणि सूर गिळून टाकतो. म्हणजे रेकॉर्डिंगच करायला हवं होतं. स्टुडिओ वगैरेचा विचारही केला नाही. पुण्याहून आणलेला लॅपटॉप होता, गिटारबरोबर आलेला बाबांचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर होता. गिटार लॅपटॉपला जोडायची एक डबी एका विद्यार्थ्याकडून जुनी विकत घेतली, एक साधा माईक घेतला आणि फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. आवाजाच्या क्षेत्रातला माणूस मी. एका दुपारचं काम, असं बायकोला सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली, आणि तिच्या "बरं"ला मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पहिलं रेकॉर्डिंग ऐकून बाबांनी विचारलं, "मागे भुंगा कसला आहे?"

मला ती घूं ऐकू येत होती, पण एवढी तर चालायचीच असं मी धरून चाललो होतो. आईने मग समजावून सांगितलं. कानातलं यंत्र तो आवाज मोठा करायचं, इतका की बाबांना सूर सापडतच नव्हते. थोडं ऐकून ते यंत्र काढून ठेवत.

मी खोलीवर संशय घेतला. घर होतं चढावरच्या एका जुन्या इमारतीत. शनिवारी जिन्यात केअरवोखे, म्हणजे आठवड्याने फिरणारी जिना झाडायची पाळी, आणि ज्याची ती असेल त्याचा झाडू कठड्यावर आपटत वरपासून खालपर्यंत जायचा. म्हणून मी रविवार धरला. जर्मनीतला रविवार म्हणजे रेकॉर्डिंगसाठीच केल्यासारखा, ड्रिल नाही, गवत कापायचं यंत्र नाही, चर्चच्या घंटा तेवढ्या सांभाळायच्या. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर सोलापुरी चादरी टाकून मी आडोसा केला. हीटर बंद केला. फ्रिज बंद केला, आणि वाजवून झाल्यावर तो पुन्हा चालू करायचं विसरलो. बायकोने खवून ठेवलेला ओल्या नारळाचा अख्खा डबा गेला. तिथे नारळ म्हणजे काय अपूर्वाई असते ते तिथे राहिलेल्यांनाच कळेल. ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. भुंगा होता तिथेच होता.

मग माईक आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही बाजूला ठेवून गिटारची वायर सरळ डबीत लावली. आता मध्ये खोलीची हवासुद्धा नव्हती, आणि भुंगा आणखी स्पष्ट झाला. म्हणून सॉफ्टवेअरमधलं आवाज पुसायचं बटण दाबलं. ते रेकॉर्डिंग ऐकून बाबा म्हणाले, "भुंगा गेला. गिटारही गेली." खरंच, पाण्याच्या टाकीत बसून वाजवल्यासारखं ते झालं होतं.

मी चिडलो. स्वभावच तसा आहे. एखादी गोष्ट हाताला लागत नाही म्हटलं की मला जेवण गोड लागत नाही. त्यातून हे काही ऑफिसातलं काम नव्हतं. आई दर आठवड्याला सांगत होती, आता टीव्ही खूप मोठा लावतात, आता दारावरची बेल ऐकू येत नाही. मी कुरकुर शोधण्यात वेळ घालवत होतो आणि तिकडे बाबांचे कान थांबायला तयार नव्हते. भीती वाटायची, आणि ती झाकायला मी नव्या वायरी विकत आणायचो.

तेवढ्यात एक गोष्ट लक्षात आली. बार तारांवर असला की भुंगा गप्प बसायचा, उचलला की लगेच घूं. म्हणजे माझा हात तारेला लागलेला असेपर्यंत शांतता. झालं, मी ठरवलं की बार उचलायचाच नाही. सवय मोडायला महिना गेला. ओळ संपली की बार तसाच तारांवर दाबून धरायचा आणि सरकवत पुढच्या ओळीच्या सुरावर न्यायचा. फक्त तिसऱ्या ओळीत एक मोठी उडी होती, तिथे हात सुटायचाच आणि भुंगा तेवढ्यात डोकं वर काढायचा.

त्यावरही मी उपाय काढला. एक उघडी तार घेतली, तिचं एक टोक गिटारच्या तारांना आणि दुसरं माझ्या घोट्याला गुंडाळलं. घूं थांबली. मी जग जिंकल्यासारखा बसलो होतो, तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"हे काय बांधलंयस पायात?"

मी समजावून सांगितलं. तिने चहा ठेवला आणि त्या तारेकडे बघत राहिली.

"म्हणजे तुझ्या अंगातून करंट जातोय."

"करंट असा नाही. अगदी किंचित."

"काढ आधी ते. तुझ्या लॅपटॉपला हात लावला की मला मुंग्या येतात, हे मी कधीपासून सांगतेय? तू म्हणतोस, थंडीत होतं असं."

मी तार सोडली आणि लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवलं. मुंग्या आल्या. मग चार्जरच्या वायरीचा माग काढत गेलो, टेबलाखाली, भिंतीपर्यंत. तिथे आमचा एक्स्टेन्शन बोर्ड होता, पुण्याचा. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या बॅगेत कुकर आणि गोडा मसाल्याबरोबर जसा असतो तसाच. आपल्याकडच्या सगळ्या पिना त्यात बसतात, मिक्सर, इस्त्री, चार्जर, अ‍ॅम्प्लिफायर. आणि तो जर्मन भिंतीत बसावा म्हणून त्याच्या टोकाला निघतानाच घेतलेली दोन काड्यांची कन्व्हर्जन पिन. तिसरी, अर्थिंगची जाड पिन त्या कन्व्हर्जनमध्ये नुसतीच खोचलेली होती. तिच्यापुढे काहीच नव्हतं. जर्मनीत आल्यापासून आमच्या घरातल्या एकाही भारतीय यंत्राला जमीन लागलेली नव्हती. ती माझ्या अंगातून मिळाली की तेवढ्यापुरता भुंगा गप्प बसायचा.

मोजमाप सुरू करण्याआधी अर्थिंग तपासायचं, हा धडा लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांना मीच द्यायचो. जर्मनमध्ये, बोट वर करून.

बायकोच्या ऑफिसच्या लॅपटॉपची वायर इथलीच होती आणि ती माझ्या चार्जरला बसली. सरळ भिंतीत लावली. गिटार जोडली, आवाज पूर्ण वाढवला, दोन्ही हात वर केले. काहीच नाही. आम्ही दोघं तसेच ऐकत राहिलो.

"आल्झो, तर मग," ती म्हणाली, "आता नारळाचं बघ."

त्याच रविवारी सकाळी, चर्चच्या घंटा वाजून गेल्यावर, मी धून रेकॉर्ड केली आणि पाठवली. दुपारी फोन आला. बाबांनी स्वतः केलेला, एरवी आई लावून देते.

"ऐकलं," ते म्हणाले.

"आहे का भुंगा?"

"नाही. सगळं ऐकू आलं. पण ओळ संपल्यावर बार का उचलत नाहीस? मी असं शिकवलं नव्हतं. एक ओळ झाली की हात उचलायचा, दम घ्यायचा, मग दुसरी. तू आपला पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा."

मला त्यांना सगळं सांगायचं होतं, भुंगा, घोट्याची तार, बोर्ड, तो महिना. काही सांगितलं नाही. ज्या माणसाला दारावरची बेल ऐकू येत नव्हती त्याला माझ्या दोन ओळींमध्ये नसलेली जागा ऐकू आली होती. रागावून घेताना मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

"हो बाबा," म्हणालो. "पुन्हा पाठवतो."

लावून घेतलेली सवय मोडायला पुन्हा आठवडे गेले. बार उचलायची वेळ आली की हात आपोआप दाबला जायचा, जणू भुंगा अजून तिथे टपून बसलाय. मी ऑफिसातून आल्यावर जेवणाआधी रोज बसायचो. ओळ, हात वर, श्वास. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "नाही उचललास." तिचं बरोबर असायचं. शेवटी एका रविवारी चारही ओळी नीट झाल्या. मध्ये तीन जागा, तिन्ही कोऱ्या. मी पाठवलं आणि वाट बघत बसलो.

या वेळी बाबांचा फोन आला नाही. आईने व्हिडिओ कॉल केला आणि मोबाईल बाबांसमोर धरला. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. दुसऱ्या मोबाईलवर ती धून लावलेली होती. कॉलमध्ये सूर येत नव्हते, अधूनमधून एखादा तुकडा, बाकी शांतता. पण ते कुठल्या ओळीवर आहेत ते मला कळत होतं. त्यांचा डावा हात मांडीवर होता, थरथरत, हळूहळू गुडघ्याकडे सरकत. ओळ संपली की तो उचलला जायचा, छातीत श्वास भरला जायचा, आणि पुढच्या ओळीला तो पुन्हा मांडीवर टेकायचा.

धून संपली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. "अगं, परत लाव," ते आईला म्हणाले, आणि त्यांनी हात जागेवर आणून ठेवला.