पाचवा ग्लास

१२ मार्चला मिस्त्रीने फोनवर रेडिएटर धुण्याचे, चार कॅन पाण्यासकट, सातशे चाळीस रुपये सांगितले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तीन वर्षं पडून असलेली मोटरसायकल दुसऱ्या दिवशी माझी मुलगी दूरच्या प्रवासाला नेणार होती. वाटेत इंजिन तापलं तर? मिस्त्री एकेक कॅन शुद्ध पाणी रेडिएटरमध्ये ओतायचा आणि धुऊन निघालेलं पाणी दर वेळी काचेच्या ग्लासात धरून ओळीने मांडायचा. पहिला ग्लास गंजाने तांबडा होता, चौथा स्वच्छ.

“हा सरळ कॅनमधूनच भरला नसेल कशावरून?” मी विचारलं.

“मग तुमच्या हाताने ओता, काका,” तो म्हणाला. “बायकोचाही माझ्यावर विश्वास नाही, पण ती निदान चहा देते.”

मी पाचवा कॅन ओतला. पाचवा ग्लासही स्वच्छच आला. मग त्याने कूलंट भरलं. मी सातशे चाळीसच रुपये मोजून नेले होते. पाचव्या कॅनचे साठ रुपये मी त्याला अजून देणं लागतो.