नाव मोकळं आहे का?

माझ्या थोरल्या साडूंइतका परवानगी मागणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो आधी यांना विचारूनच सापडेल. निलंग्याहून सुटणाऱ्या रिकाम्या एसटीत चढले तरी हे ड्रायव्हरला विचारणार, "ही जागा कुणाची हाय का?" ड्रायव्हर न्हाई म्हणाला तरी अर्ध्या बुडानेच बसणार, न जाणो औशाला कुणी चढलं आणि म्हणालं की जागा माझी. नातवाचं बारसं यांनी दोनदा पुढं ढकललं, कारण ठरलेलं नाव गल्लीतल्या एका पोराचं निघालं. त्या पोराच्या आईच्या घरी जाऊन हे रीतसर विचारून आले, चहा पिऊन आले, तिनं आनंदानं होकार दिला, तरी यांनी नाव बदललंच. "होकार दिला वं तिनं, पण तोंड जरासं उतरलं व्हतं," म्हणाले.

अशा माणसाच्या लेकीनं धंदा काढायचं ठरवलं. थोरली लेक हाताची मोठी गुणी. तिची कारळाची चटणी भाकरीवर पडली की माणूस बोलायचा थांबतो. नांदेडला बचत गटांचं प्रदर्शन भरणार होतं, तिथं स्टॉल मिळत होता. फक्त अर्जात धंद्याचं नाव लिहायचं होतं, आणि तिथंच गाडी अडली, कारण "नाव मोकळं हाय का ते मी बघतो" असं अप्पांनी, म्हणजे आमच्या साडूंनी, जाहीर करून टाकलं. लेकीनं चार वर्षं नवऱ्याच्या शिलाईच्या दुकानात काजं-बटणं करत काढली होती. स्वतःच्या नावाचं काही व्हावं, एवढीच तिची इच्छा. हा स्टॉल हुकला तर सासरचे पुन्हा काही ऐकून घेणार नव्हते.

ई-सेवा केंद्रातल्या बाईंनी दोन मिनिटांत कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, "काका, 'गौराई' नावानं कुणीच नाही. भरू का?" साडू हसले. "ताई, तुमचा कॉम्प्युटर कधी बिलोलीला गेलाय का?" आणि स्वतः गेले.

नाव तपासायची त्यांची पद्धत त्यांची स्वतःची होती. बाजारात जायचं, चहाच्या गाड्यापाशी उभं राहायचं आणि गिऱ्हाईक असल्यासारखं विचारायचं, "गौराई चटणीवाले कुठं बसतेत वं?" कुणी पत्ता सांगितला की नाव गेलेलं. आता यातली गोम अशी की आपल्या मुलखात पत्ता विचारल्यावर ठाऊक नाही म्हणायची पद्धतच नाही. समोरच्याला तोंडघशी पाडल्यासारखं होतं ते. त्यामुळे बिलोलीत एकानं सांगितलं, "हाय की, सरळ जावा, पाण्याच्या टाकीपाशी." दुसरा म्हणाला, "टाकीपाशी व्हतं, आता स्टँडमागं गेलंय." तिसऱ्यानं तर मालकाच्या तब्येतीचीही खबर दिली. गौराई गेली. उदगिरात अन्नपूर्णा गेली. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते फुटतात, तिथं शिवगौरीचे सोळा पत्ते मिळाले. मी एकदा म्हटलं, "अहो, प्रत्यक्ष दुकान तरी बघून या." तर म्हणाले, "कशाला? लोक काय लबाड बोलतेत का?"

अर्जाची मुदत दोन दिवसांवर आली तेव्हा लेकीनं मला गाठलं. तिनं मनाशी 'सुगी' हे नाव धरलं होतं. "काका," ती म्हणाली, "अप्पांना हे नाव तपासायला उद्या लातूरला घेऊन जावा." मी म्हटलं, "उद्या येळवस आहे. गावात चिटपाखरू नसेल, सगळे शेतात." ती नुसती हसली, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, दुपारी गंजगोलाईत आम्ही दोघंच. सगळी शटरं खाली, सगळी माणसं शेतात भज्जी-आंबिलीवर तुटून पडलेली. विचारायला कुणी नाही, म्हणजे पत्ता सांगायलाही कुणी नाही. मी मनातल्या मनात मांडे खात होतो. साडू मात्र एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि पाट्या वाचता वाचता भलतंच बोलू लागले.

"पंचवीस वर्षांचा असताना निलंग्यात किराणा काढला व्हता मी. नाव कुणाला इचारलं न्हाई. दोन गल्ल्या सोडून एका म्हाताऱ्याचं त्याच नावाचं बारकं दुकान व्हतं. माझी पाटी मोठी, लायटिंगची. त्याची गिऱ्हाइकं माझ्याकडं. एक दिवस म्हातारा आला, पावशेर साखर घेतली, पाटीकडं बघून म्हणला, चांगली रंगवलीय. आन् गेला. महिन्यानं त्याचं दुकान बंद."

नाव कोणतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. इतकी वर्षं या माणसाची थट्टा केली त्याची मला शरम वाटली.

तेवढ्यात समोरच्या एटीएमपाशी खुर्चीवर बसलेला रखवालदार त्यांना दिसला. संपलं, मी मनात म्हटलं. आता हा सरळ जावा म्हणणार. साडू उठून त्याच्यापाशी गेले. "सुगी चटणीवाले कुठं बसतेत वं?"

"मी इकडला न्हाई, दादा," तो म्हणाला. "किनवटचा हाय. मला ठाऊक न्हाई."

साडूंनी पुन्हा विचारलं. "ठाऊक न्हाई?"

"न्हाई वं. असं नाव आयकलंच न्हाई कधी."

साडूंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. तो बिचारा गोंधळून उठून उभा राहिला. मग यांनी खिशातून फोन काढला, तो कानाला लावला, आणि लेक काही बोलायच्या आतच म्हणाले, "बाळे, भर नाव. कुणाचं न्हाई ते." डोळे पुसायला हात मोकळा हवा, म्हणून फोन त्यांनी माझ्याकडं दिला. पलीकडं तीही रडत होती. दोघांच्या मध्ये फोन धरून मी उगाचच म्हणत राहिलो, "हां, ऐकू येतंय, ऐकू येतंय."